रोजची वीस मिनिटं
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या समाजमंदिरात दिलेले व्याख्यान)



रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं, असं कार्यकारिणीनं ठरवलं. माझं नाव निघालं तेव्हा सर्वांनी गृहीत धरलं, की सारी नोकरी बँकेत काढलेला माणूस ठेवी आणि व्याजदर यांवरच बोलणार. सचिवांनी तर पत्रकावर 'बचतीचे महत्त्व' असं लिहूनही टाकलं होतं. मी विषय बदलून घेतला. आज मला बोलायचं आहे ते अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांबद्दल, आणि त्यांच्यासाठी औषधाच्या बाटलीशिवाय काय काय करता येतं याबद्दल.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. साधा बी.कॉम. झालेला माणूस. पण माझ्या घरात असं एक लेकरू आहे. त्याच्या निमित्तानं गेली सहा-सात वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचलं, तज्ज्ञांसमोर वही घेऊन बसलो आणि रोज थोडं थोडं करून पाहिलं. आपल्या पंचवीस वर्षं जुन्या वसाहतीत असं लेकरू फक्त माझ्याच घरी असेल, हे मला पटत नाही. बाकीची घरं बोलत नाहीत, एवढंच.

नोकरीतली एक आठवण सांगतो. एका शाखेत असताना पीककर्जासाठी एक शेतकरी यायचे. सात महिने बावीस दिवसांचं व्याज ते उभ्याउभ्या तोंडी सांगत, आणि माझ्या कॅल्क्युलेटरवर तोच आकडा येई. पण पैसे काढायची स्लिप त्यांना भरता येत नव्हती. चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, सही मात्र चित्र काढल्यासारखी करायचे. एकदा मी विचारलंच. ते हसून म्हणाले, "साहेब, हिशेब येते मले. अक्षर नाई येत. मास्तर म्हणे, याच्या डोक्यात गोटे भरले." त्यांना नेमकं काय होतं हे मला आज सांगता येणार नाही. पण व्याजाचा असा हिशेब करणाऱ्या डोक्यात गोटे नसतात, एवढं कॅशियरलाही कळतं.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, खेळात तरबेज, डोळे चांगले, घरी शिकवायला शिक्षक ठेवलेले; पण वाचता येईना. स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा तो मागेपुढे लिहायचा. त्याच्या शिक्षकांचं मत असं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडे अशा मुलाला अजून 'ढ' आणि 'मठ्ठ' हीच दोन विशेषणं आहेत.

आता थोडी ओळख करून घेऊ. ढोबळमानानं तीन गोष्टी आहेत. पहिली, अध्ययन अक्षमता : बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सतत अडखळतं. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, हा शब्द २००७ च्या 'तारे जमीं पर'मुळे घरोघरी पोचला. दुसरी, लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. तिसरी, स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम : यात बोलणं, नजरेला नजर देणं, इतरांत मिसळणं यांची वाटच वेगळी असते. हे तिन्ही मेंदूच्या जडणघडणीतले फरक आहेत. आईच्या लाडानं, बापाच्या धाकानं किंवा कुणाच्या नजरेनं ते होत नाहीत. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवाही खोटी ठरलेली आहे, तेव्हा लसी चुकवू नका.

अशी मुलं किती? आपल्या देशात पाच ठिकाणी केलेली एक मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकण्या-पाहण्याच्या दोषांपासून ऑटिझमपर्यंत नऊ प्रकारच्या अडचणी त्यांनी तपासल्या. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत, ठिकाणानुसार, साडेसहा ते साडेअठरा टक्के मुलांना यांपैकी एखादी तरी अडचण होती. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात तीन ते सात मुलं. कोणत्याही शिक्षकाला डोळे मिटून विचारा, तेवढी नावं तो लगेच सांगेल. फक्त 'आळशी' म्हणून सांगेल.

आपल्या मराठीपुरत्या काही खास खाचखळगे आहेत, ते समजून घेऊ. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' : जरा लांबून पाहा, तुम्हीही फसाल. पहिली वेलांटी पहा. 'कि' बोलताना क आधी येतो आणि इ नंतर. लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी काढायची. रफाराचंही तसंच. 'सूर्य' म्हणताना र आधी उच्चारायचा, पण लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आकड्यांत तर गंमतच. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी कानावर येतो, लिहिताना दोन आधी. मूल ५२ लिहितं आणि मार खातं. त्यावर 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' आहेतच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली! पद्धत बरी की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण त्यामागे जी अडचण होती ती खरी होती, आणि ती सर्वांत जास्त बोचते ती या मुलांनाच.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडातली. घरी 'मले', 'तुले', 'काऊन' बोलणारं पोरगं शाळेत 'मला', 'तुला', 'का' वाचायला लागतं. नाहीतर आपण त्याला थेट इंग्रजी माध्यमात टाकतो, जिथं घरातलं कोणीच ती भाषा बोलत नाही. ते अडखळलं तर ती अध्ययन अक्षमता असेलच असं नाही, ते दोन भाषांमधलं अंतर असू शकतं. म्हणून तपासणी करणाऱ्याला घरची भाषा कोणती, हे आवर्जून सांगा. आणि वऱ्हाडी बोलणं म्हणजे चूक, असं लेकराला वाटू देऊ नका.

मग करायचं काय? पहिलं काम तपासणीचं. कर्ज देताना आम्ही आधी सात-बारा पाहायचो, मग पुढचं बोलायचो. तसंच इथं. डोळे तपासा, कान तपासा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेलं पोर चष्म्यानं सुधारतं. रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोहाच्या कमतरतेत मूल मरगळतं, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला कामचोर म्हणतो. झोप पाहा. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला शाळेची गाडी, असं असेल तर कुणाचंही डोकं चालणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं आहे, की दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नाही. हे सगळं नीट असूनही अडचण राहिली, तर बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून रीतसर चाचण्या करून घ्याव्यात. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं. पण बाळ वर्षाचं होऊनही हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर एक दिवसही थांबू नका. 'याचा बाप बी उशिरानं बोलला होता' हे आजीचं वाक्य तेवढं बाजूला ठेवा.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वाचनाच्या अडचणीवर जगात कोणतंही औषध नाही. गोळी नाही, सिरप नाही, तेल नाही. अॅलोपॅथीतही नाही. म्हणजे इथं औषधाविना उपचार हा एकमेव उपचार आहे, आणि त्याचं नाव शिकवणं. वेगळ्या पद्धतीनं, सावकाश, पुन्हा पुन्हा आणि न रागावता शिकवणं. हे माझं मत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही शाळांवर हीच जबाबदारी टाकली आहे : अध्ययन अक्षमता लवकर ओळखा आणि शिकवण्याच्या योग्य पद्धतींनी तिच्यावर उपाय करा.

ही वेगळी पद्धत कशी असते? आधी कान तयार करायचे. 'कमळ' शब्दाला तीन टाळ्या, 'पाणी'ला दोन. 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं? हा खेळ जेवताना, गाडीवर, कुठंही चालतो. मग अक्षर बोटानं गिरवायचं : ताटात रवा पसरून, ओल्या मातीत, ज्वारीचे दाणे मांडून. गिरवताना तोंडानं उच्चार करायचा, म्हणजे डोळा, कान, तोंड आणि हात चारही एकदम कामाला लागतात. एका वेळी दोनच अक्षरं, आणि दिसायला सारखी असलेली जोडी एकाच दिवशी कधीच नाही. 'ध' पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी 'घ'. वाचताना ओळीखाली पट्टी ठेवायची. आणि मोठ्यानं मुलासोबत एका सुरात वाचायचं. त्याला जमलं की आपला आवाज कमी करायचा, ते अडलं की पुन्हा वाढवायचा. चुकलेला शब्द फक्त बरोबर म्हणून दाखवायचा आणि पुढं जायचं.

माझा नातू तिसरीत होता तेव्हा 'घर' आणि 'धर' यांत गोंधळायचा. प्रश्न तोंडी विचारला की उत्तर तयार, वही उघडली की पोट दुखायला लागायचं. आधी आम्हाला पोटाचंच काही वाटलं, ती तपासणीही झाली. पुढं अमरावतीला चाचण्या झाल्या आणि तिथल्या विशेष शिक्षिका बाईंनी मला एक काम दिलं : रोज सकाळी वीस मिनिटं, त्याच वेळी, त्याच जागी. जास्त नाही, कमीही नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी त्यांना म्हटलं, "बाई, ही तर आवर्ती ठेव झाली." त्या म्हणाल्या, "बरोबर. आणि पहिले सहा महिने व्याज दिसणार नाही, हेही लक्षात ठेवा." खरोखर दिसलं नाही. आठव्या महिन्यात एक दिवस एसटीतून जाताना त्यानं बाहेरची पाटी वाचली, 'ति-व-सा'. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. आज तो नववीत आहे. अजूनही सावकाश वाचतो, शुद्धलेखन कच्चंच आहे, ते बहुधा तसंच राहील. पण पोटदुखी गेली आणि वर्गात हात वर करतो. बरं होणं याचा अर्थ मी आता एवढाच लावतो.

गणितासाठी माझ्याकडे बँकेची विद्या होती. खेळातल्या नोटा आणल्या. दहा एकाच्या नोटा दिल्या की दहाची एक मिळते, दहा दहाच्या दिल्या की शंभराची. बँकेत शंभर नोटांचं पाकीट होतं आणि दहा पाकिटांचं बंडल, हे त्याला मोजून दाखवलं. मग 'पंचवीस' म्हणजे दहाच्या दोन आणि एकाच्या पाच, हे हातानं कळलं. हातचा म्हणजे काय, हे ज्याला फळ्यावर दोन वर्षं कळलं नव्हतं ते काउंटरवर दोन आठवड्यांत कळलं. संत्री डझनानं मोजा, तुरीचं कट्टं तोला, दुधाचा हिशेब मुलाकडून करून घ्या. आपल्या गावात साधनांची काही कमी नाही.

यात नवीन असं काही नाही. मारिया माँटेसरीबाईंनी रोममध्ये आधी 'मंद' ठरवून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केलं, हातानं चाचपायची साधनं वापरली, आणि तीच पद्धत १९०७ मध्ये साध्या मुलांच्या बालगृहात नेली. ताराबाई मोडकांनी ती आपल्याकडच्या बालवाडीत आणली. १९३७ च्या ऑक्टोबरात इथून जवळच, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली आणि हाताच्या कामातून शिकणारी नई तालीम मांडली. मागे राहणाऱ्या लेकरासाठी जे तयार होतं ते सगळ्यांच्याच कामी येतं. आपल्या मातीत तर ऐकून शिकण्याची परंपरा केवढी मोठी! गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कीर्तनात ते प्रश्न विचारत, समोरचा समाज उत्तर देई आणि त्यातून गावंच्या गावं शिकली. तुकडोजी महाराजांचंही शाळेतलं शिक्षण प्राथमिकच्या पुढं गेलं नाही. १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज उभारलं आणि पुढं ग्रामगीतेचे एक्केचाळीस अध्याय लिहिले. यांपैकी कुणाला कसली अडचण होती असं मी मुळीच म्हणत नाही. गुणपत्रिका म्हणजे माणूस नव्हे, हे शिकायला आपल्याला मोझरीच्या बाहेर जावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

चंचल मुलांबद्दल थोडं. त्यांना एका वेळी एकच सूचना द्या. 'हातपाय धू, दप्तर काढ, गृहपाठ कर आणि ताईला हाक मार' या वाक्यातलं पहिलंच त्यांच्यापर्यंत पोचतं. अभ्यासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, मध्ये पळू द्या. चांगलं वागलं की त्याच क्षणी कौतुक करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. ओळखीच्या एका घरात मी मुलाला जुन्या वहीचं पासबुक करून दिलं. वेळेवर उठला, एक चांदणी जमा. जेवताना बसून राहिला, एक चांदणी जमा. दहा झाल्या की बाबांबरोबर क्रिकेट. आणि नियम असा, की या पासबुकात फक्त जमा होते, काहीही नावे पडत नाही. एकदा मिळालेली चांदणी रागाच्या भरात कापायची नाही.

इथं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. सहा वर्षांखालच्या चंचल मुलांसाठी तज्ज्ञ आधी आईवडिलांचं प्रशिक्षणच सुचवतात. पण मोठ्या मुलांत, अडचण तीव्र असेल तर औषधांचा उपयोग होतो. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेला एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध हे नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. तेव्हा औषध म्हणजे पाप नाही. तुमच्या मुलाचं औषध चालू असेल, तर माझं भाषण ऐकून ते बंद करू नका. फिट्सचं औषध तर कधीच नाही. ते अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. 'औषधाविना' हा शब्द ऐकायला गोड आहे, पण डॉक्टरांना टाळण्यासाठी तो वापरायचा नाही.

ऑटिझममध्ये बोलण्याचे उपचार, हातापायांच्या कामाचे उपचार आणि घरच्यांनी मुलाशी खेळण्याची पद्धत, यांवर सारा भर असतो. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं ते काम केलं. तिथं मोठे तज्ज्ञ घरोघरी गेले नाहीत; प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते गेले. आईवडील मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण त्यांनाच दाखवायचं आणि मूल कोणत्या क्षणी तुमच्याकडे वळलं, तुम्ही त्याला कसा प्रतिसाद दिला, हे ओळखायला शिकवायचं. आठ महिन्यांनंतर आईवडिलांचा प्रतिसाद स्पष्ट सुधारला आणि मुलंही संवाद जास्त सुरू करू लागली. मोठ्या शहराबाहेर, साध्या माणसांकडून हे होऊ शकतं, ही आपल्यासाठी मोठी बातमी आहे.

योगासनं, प्राणायाम, सकाळचं ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांबद्दल मला हमखास विचारतात. अवश्य करा. मूल शांत बसायला शिकतं, झोप चांगली लागते, दिवसाला एक ताल येतो, आणि सर्वांबरोबर बसल्यानं आपण वेगळे नाही हे त्याला जाणवतं. खंजिरीवर ठेका धरणं हा तर कानाचा उत्तम व्यायाम आहे. पण प्रार्थनेनं डिस्लेक्सिया जातो असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. तिचं काम वेगळं, अक्षरांचं काम वेगळं.

आता सावधगिरीची बाब. बँकेत आम्ही लोकांना सांगून थकलो, की सहा महिन्यांत दामदुप्पट देणारा माणूस सातव्या महिन्यात सापडत नाही. मुलांच्या बाबतीतही तेच आहे. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे वर्ग मध्यंतरी गावोगाव निघाले होते. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी उघड केलं. आमच्याच घरी एका वर्गाचे प्रतिनिधी येऊन चाळीस दिवसांत पोरगा पहिला आणतो म्हणाले, पैसे आधी, पावती नंतर. मी पावती आधी मागितली, ते चहा पिऊन गेले. ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. आपल्या देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याची शिफारस केलेली नाही. बुद्धिवर्धक म्हणून मिळणारी चूर्णं आणि भस्मं स्वतःच्या मनानं देऊ नका. आयुर्वेदाचं शिक्षण देणाऱ्या गावात राहून मी हे आदरानंच सांगतो : नोंदणीकृत वैद्यांना विचारा, लेबल नसलेली पुडी नको. शिसं वाढत्या मेंदूला घातक असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कुणीही उपचार सुचवला की तीन प्रश्न विचारा. बरं होण्याची हमी देता का? हमी दिली तर उठून या. चालू उपचार बंद करायला सांगता का? सांगितलं तर उठून या. आणि घरी आम्ही काय करायचं? याचं उत्तर नसेल, तरीही उठून या.

कायद्यानं काय मिळतं तेही नोंदवून घ्या. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वात अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम दोन्ही आहेत. महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच अध्ययन अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळत आल्या आहेत : जादा वेळ, गरज असल्यास लेखनिक, गणित आणि भाषा यांत काही पर्याय. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते आणि पुढं जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दहावीचा अर्ज भरायच्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही, आठवीतच सुरुवात करा. प्रमाणपत्र घेतलं तर पोरीचं लग्न कसं होईल, असं एका माउलीनं मला विचारलं. मी म्हटलं, नापास होऊन घरी बसली तर कसं होईल, तेही मला सांगा. तिनं प्रमाणपत्र घेतलं.

आता संस्थेसाठी तीन सूचना मांडतो. सभेत ठराव करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

पहिली : या समाजमंदिरात रोज संध्याकाळी, प्रार्थनेच्या आधी, वाचनाची एक घटका. आपल्या वसाहतीत निवृत्त शिक्षक आहेत, एसटीतले आहेत, बँकेतले आहेत. प्रत्येकानं एका मुलाशेजारी बसायचं, आपल्या नातवाशेजारी नाही, दुसऱ्याच्या. आपल्या नातवावर आपण लवकर चिडतो, हा माझा अनुभव आहे. घटका चोवीस मिनिटांची असते. वीस मिनिटं वाचायला आणि चार मिनिटं चपला शोधायला.

दुसरी : सरकारी अर्ज, प्रमाणपत्रं, शाळेची पत्रं यांसाठी दर रविवारी दोन सभासदांनी बसायचं. आयुष्यभर आम्ही फॉर्म भरले आहेत, तेवढी विद्या तर आहेच.

तिसरी, बिनखर्चाची : 'मठ्ठ', 'ढ', 'बिनडोक' हे शब्द या वसाहतीच्या हद्दीत कुणीही कोणत्याही मुलासाठी वापरायचे नाहीत. मोठ्यांसाठी वापरायचे असतील तर ते तुमचं तुम्ही पाहा.

हे जमेल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, परतवाड्याजवळच्या वझ्झरला एकदा जाऊन यावं. शंकरबाबा पापळकरांनी तिथं टाकून दिलेल्या दिव्यांग, मतिमंद, मूकबधिर लेकरांना आपलं नाव दिलं आणि वाढवलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी वाढवलेली, दोन्ही डोळ्यांनी न दिसणारी माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्यांनी केलं ते डोंगराएवढं आहे. आपल्याला रोजची वीस मिनिटं द्यायची आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं रस्ता नव्हता, नळ नव्हता, पावसाळ्यात चपला हातात घेऊन आपण घरी जायचो. प्रत्येकानं महिन्याची वर्गणी थोडी थोडी भरली आणि वसाहत उभी राहिली. कुणी एकानं एकदम भरून ती झाली नाही. आता वर्गणी वेळेची मागतो आहे. रविवारी सकाळी आठ वाजता मी इथं रव्याचं ताट आणि खेळातल्या नोटा घेऊन बसतो. लेकराला घेऊन या. लेकरू नसेल तर स्वतः या, माणसं कमीच पडणार आहेत.